उतरायचं कुठे?

मराठीत मुक्कामाला ‘उतरणं’ म्हणतात. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवताना आपण विचारतो, ‘कुठे उतरलात?’ प्रश्न साधा आहे. पण आपल्या आजी-पणजींच्या प्रवासाचा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो. कुठे जायचं ते घरातले पुरुष ठरवत. कधी जायचं ते पंचांग, शेती आणि दुकानाचा हंगाम ठरवायचा. पण बायकांना बरोबर नेता येईल की नाही, हे ठरायचं ते उतरायची सोय कशी आहे यावरच. पाणी गाळायला मिळेल का, चूल वेगळी मिळेल का, दिवस मावळायच्या आत स्वयंपाक होईल का, दाराला आतून कडी आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर बाई घराबाहेर पडायची, नाहीतर निरोप द्यायला वेशीपर्यंत जाऊन परत फिरायची.

हे सगळं मी लिहायला घेतलं त्याला कारण यंदाची आमची सुट्टी. आमच्या सचिनमध्ये होळी झाली की हवा बदलते. जीआयडीसीतल्या रंगाई-छपाईच्या मिलांची वाफ, वरून चढता उन्हाळा, लूमचा खडखडाट. मुलांच्या परीक्षा संपतात आणि घरोघरी एकच विषय निघतो, ‘चार दिवस कुठेतरी पाण्याजवळ जाऊ या.’ आमच्या घरी सुनेने उदयपूरची तळी सुचवली. मुलगा म्हणाला, अबूचं नक्की तळं. नातवंडांना नावेत बसायचं होतं, एवढंच. ऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, ‘तळं बघायला कोण जातं गं? तिथे देव कुठला आहे?’

घरातले सगळे हसले. मला हसू आलं नाही. सासूबाई आयुष्यात पुष्कळ फिरल्या आहेत. शिखरजी, गिरनार, मांगीतुंगी, पावापुरी, श्रवणबेळगोळ. पण प्रत्येक वेळी देवाच्या नावानं. नुसतं बसायला, नुसतं बघायला त्या कधी कुठे गेल्या नाहीत, आणि बाईमाणूस असं जाऊ शकतं ही गोष्टच त्यांच्या हिशेबात नव्हती. ही समजूत एकट्या त्यांची नाही, तिला मोठा इतिहास आहे.

तो आमच्या गावापासूनच सुरू करू. सचिन आज कारखान्यांचं गाव असलं, तरी दीडशे वर्षांहून जास्त काळ ते एक संस्थान होतं. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घरात गादीवरून तंटा झाला. त्यातला एक वारस अब्दुल करीम याकूत खान पेशव्यांकडे आला. जंजिऱ्यावरचा आपला हक्क त्याने पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात १७९१ मध्ये सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जो जंजिरा मराठ्यांना लढून कधी मिळाला नाही, तो असा कागदावर मिळाला. प्रत्यक्षात जंजिरा सिद्दींकडेच राहिला आणि इकडे सचिनचे नवाब मात्र कायमचे झाले. त्यांची राहती जागा लाजपोरला होती. आज लाजपोर म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो. समुद्रकाठचं डुमसही याच संस्थानातलं. नवाबांचा तिथे महाल होता आणि सुरतेची सुखवस्तू माणसं उन्हाळ्यात डुमसला हवा खायला जात. १९४८ मध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं.

‘हवा खायला जाणं’ हा शब्द ध्यानात ठेवा. देवासाठी नाही, लग्नासाठी नाही, बाळंतपणासाठी नाही, तर नुसत्या हवेसाठी घर सोडून दुसरीकडे राहायचं, ही चैन नवाबांची, साहेबांची आणि मोठ्या पेढीवाल्यांची होती. खानदेशातून तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेनं सुरतेकडे आलेल्या आमच्यासारख्या घरांना ती ठाऊक नव्हती. आमच्याकडे सुट्टी म्हणजे यात्रा.

आणि गंमत अशी की आपल्या यात्रांमध्ये तळी होतीच. पावापुरीचं जलमंदिर तळ्याच्या मधोमध आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर त्या जागेची माती लोकांनी चिमूट चिमूट उचलली आणि त्याचंच तळं झालं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अबूच्या डोंगरावर देलवाड्याची मंदिरं, आणि तिथून जवळच नक्की तळं. राजसमंदच्या काठावरच्या टेकडीवर आदिनाथांचं मंदिर. म्हणजे आपल्या बायका तळ्यांपर्यंत पोचल्या होत्या. पण त्यांनी तळं कसं पाहिलं? मी सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पाणी भरायला गेले होते ना! दुपदरी गळणं लावलं, कळशी भरली, जीवाणी परत सोडली. तेवढ्यात इकडे मुलं रडायला लागली.’

नव्या मुलींसाठी सांगते. पाणी गाळल्यावर गळण्यात जे सूक्ष्म जीव राहतात, ते गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुऊन, ज्या पाण्यातून घेतले त्याच पाण्यात परत सोडायचे, ही आपली जुनी रीत. विहिरीचे विहिरीत, तळ्याचे तळ्यात. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेल असं नाही, म्हणून. मला या रीतीबद्दल फार आदर आहे. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की सासूबाईंनी अबूचं तळं पाहिलं ते गळण्याएवढं. मान वर करायला वेळ कुठे होता?

आता एकेका तळ्यापाशी पूर्वी लोक कसे उतरत, ते पाहू.

अबू आधी घेऊ. देवांनी नखांनी खोदलं म्हणून नक्की, अशी त्या तळ्याची दंतकथा आहे. देलवाड्याची विमलवसही १०३१ मधली, गुजरातचा राजा भीमदेव याचा मंत्री विमलशहा याने बांधलेली. लूणवसही १२३० च्या सुमाराची, वस्तुपाल-तेजपाल या मंत्री भावांपैकी तेजपालाने बांधलेली. तेजपालाची बायको अनुपमादेवी. तिच्याबद्दल जुन्या प्रबंधांतून एक गोष्ट येते. डोंगरावरच्या थंडीत कारागिरांचे हात चालेनात आणि काम रेंगाळलं, तेव्हा तिने त्यांच्याजवळ शेगड्या ठेवायला लावल्या आणि त्यांना आयतं गरम जेवण मिळेल अशी व्यवस्था केली. मंदिराच्या कोरीव छताचं कौतुक सगळे करतात. मला वाटतं, त्या छताखाली काम करणाऱ्याने जेवायचं कुठे आणि शेकायचं कुठे, हा प्रश्न पडायला घरातल्या बाईचीच नजर लागते.

मंदिरं झाली, पण तिथवर जाणं स्वस्त नव्हतं. अबूला १४४९ चा एक शिलालेख आहे, मेवाडच्या महाराणा कुंभांचा. त्यात यात्रेकरूंवरचे कर माफ केल्याचा हुकूम आहे. करांची नावं वाचली की त्या काळचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. माणशी द्यायचा तो मुंडिक, वाटेत सोबत करणाऱ्यांसाठी वळावी, राखणीसाठी रखवाली, शिवाय घोड्यांवर आणि ओझ्याच्या बैलांवर वेगळं. म्हणजे एका घरातली पाच माणसं निघाली तर पाच डोक्यांचा कर. असा हिशेब मांडला जातो तेव्हा कोणाचं डोकं आधी वजा होतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. कर माफ झाला त्याचा पुण्यलाभ राण्याला मिळाला असेलच, पण त्या वर्षी कितीतरी लेकीसुना गाडीत बसल्या असतील असं मला वाटून जातं.

इंग्रजांच्या काळात अबूला दुसऱ्याच प्रकारचे पाहुणे आले. १८४५ मध्ये सिरोहीच्या संस्थानिकांनी डोंगरावरची काही जमीन इंग्रजांना सॅनिटोरियमसाठी दिली. देताना अट घातली की डोंगरावर गाय-बैल मारायचे नाहीत आणि त्यांचं मांस वर आणायचं नाही. पुढे राजपुतान्याच्या एजंटसाहेबांचं तिथे ठाणं झालं, निरनिराळ्या संस्थानिकांनी बंगले आणि महाल बांधले. त्यातले काही आज हॉटेलं आहेत. म्हणजे एकाच डोंगरावर दोन जगं झाली. तळ्याच्या बाजूला हवा खाणारे, देलवाड्याच्या बाजूला दर्शन घेणारे. पहिल्या जगात माणसं आरामखुर्चीत बसत, दुसऱ्या जगात आपल्या बायका चूल पेटवत.

अबूची आणखी एक गोष्ट आम्हा सचिनकरांना जवळची वाटावी. १९५० मध्ये अबू मुंबई राज्यात घातलं गेलं आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते राजस्थानात परत गेलं. त्या सहा वर्षांत सचिन, आमचा खानदेश आणि अबू ही तिन्ही एकाच राज्यात होती, राजधानी मुंबई. भाषेवरून आपण आज एवढे वाद घालतो, पण माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी इथून अबूला गेलं तरी राज्य बदलत नव्हतं.

आता उदयपूर. तिथली तळी निसर्गाने दिलेली नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. पिछोला चौदाव्या शतकातला, एका बंजाऱ्याने बांध घालून अडवलेला, असं परंपरा सांगते. सोळाव्या शतकात महाराणा उदयसिंहांनी शहर वसवलं, तेव्हा तो वाढवला. जयसमंद महाराणा जयसिंहांच्या काळातला, सतराव्या शतकाच्या अखेरचा. फतेहसागरचा बांध महाराणा फतेहसिंहांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने उभारला. आणि राजसमंद, महाराणा राजसिंहांचा. १६६२ मध्ये काम सुरू झालं, १६७६ मध्ये प्रतिष्ठा झाली. दुष्काळाच्या दिवसांत लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं, हाही त्यामागे हेतू होता. तळ्याच्या घाटावर पंचवीस शिळांवर संस्कृतात राजप्रशस्ती कोरलेली आहे. राजसिंहांचे मंत्री दयालशहा जैन होते. तळ्याकडे पाहणाऱ्या टेकडीवर त्यांनी आदिनाथांचं मंदिर बांधलं. उंचावर आणि भक्कम, म्हणून लोक त्याला दयालशहाचा किल्लाच म्हणतात.

मी हे सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, ‘आई, हे तळं म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना दिलेला घास आहे. ते बघायला देव कशाला हवा?’ त्या काही बोलल्या नाहीत, पण मान हलवली.

या तळ्यांवर उतरायचा मान मात्र राजांचा. शहाजहान राजपुत्र असताना बापाविरुद्ध बंड करून निघाला, तेव्हा महाराण्यांनी त्याला पिछोल्यातल्या जगमंदिरात आसरा दिला. त्याच पाण्यातला जगनिवास अठराव्या शतकात दुसऱ्या महाराणा जगतसिंहांनी बांधला. १९४६ पर्यंत त्याला दोनशे वर्षं होऊन गेली होती, आणि पुढे १९६३ मध्ये त्याचं हॉटेल झालं. आज ज्याच्याकडे पैसे आहेत तो तिथे उतरू शकतो. संस्थानं गेली, महाल सांभाळायचे कसे हा प्रश्न आला, आणि महालांनी दारं उघडली. हे चांगलंच झालं. पण त्या दाराची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

मग आपल्यासारख्यांना दार कोणी उघडलं? इथे मेवाडचा धागा थेट आमच्या सुरतेला येऊन मिळतो. मेवाडमधल्या भिंडर गावाहून गुमानजी नावाचे एक जैन गृहस्थ सुरतेला येऊन स्थायिक झाले. त्यांचे नातू म्हणजे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी. जन्म सुरतेचा, १८५१ चा. मोत्यांच्या व्यापारासाठी ते मुंबईला गेले आणि तिथे त्यांचं नाव झालं. १९०२ मध्ये दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी उभी राहिली, त्यामागे ते होते. १९०५ मध्ये त्यांनी मुंबईत सी. पी. टँकजवळ वडिलांच्या नावाने हिराबाग धर्मशाळा बांधली. मुलांसाठी बोर्डिंगं काढली, त्यातल्या कोल्हापूरच्या बोर्डिंगने दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकरी जैन घरांतली मुलं शिकवली. सुरतेतही चंदावाडी त्यांच्याच घराण्याची. माणसाने परगावी गेल्यावर उतरायचं कुठे, या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात या माणसाने आयुष्यातला मोठा पैसा घातला.

धर्मशाळेने काय केलं, ते आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. खोली मिळायची, गाद्या मिळायच्या, भांडी मोजून मिळायची आणि मोजून परत द्यायची. पाण्याची सोय, मंदिर जवळ, आजूबाजूला आपल्याच रीतीची माणसं. कांदा-लसणाचा प्रश्न नाही, रात्री जेवायला या म्हणून कोणी आग्रह करणार नाही. घरच्या पुरुषांना त्यामुळे भरवसा वाटला. ‘धर्मशाळेत उतरू’ म्हटलं की आजोबा आजीला न्यायला तयार होत. रेल्वेने अंतर कमी केलं हे खरं, पण बाईचा पाय घराबाहेर पडला तो धर्मशाळेच्या भरवशावर.

पण चूलही बरोबर आली. स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पिठाचा डबा, पोळपाट, गळणं, कोरडी चटणी. माझ्या आठवणीतल्या सगळ्या यात्रांत पुरुष दर्शन करून ओट्यावर बसलेले आहेत आणि बायका दर्शन करून भाजी चिरत बसलेल्या आहेत. घरी जे करायच्या तेच परगावी, फक्त अडचणीच्या जागेत. धर्मशाळेने बाईला दार उघडून दिलं, विसावा दिला नाही. हे मी धर्मशाळांना दोष द्यायला लिहीत नाही. विसावा हा तेव्हा कोणी मागितलाच नव्हता.

आणि एकट्या बाईला ते दारही सहज उघडत नसे. माझ्या आत्या लवकर विधवा झाल्या. सत्तरच्या दशकात त्या एकट्याच एका क्षेत्रावर गेल्या. गावाचं आणि धर्मशाळेचं नाव लिहीत नाही. मुनीमजींनी वही उघडली आणि विचारलं, ‘बरोबर पुरुष कोण?’ आत्या म्हणाल्या, ‘कोणी नाही.’ वही मिटली. आत्या बोचकं घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. दिवस मावळायला आला तेव्हा सोलापूरकडच्या एका कुटुंबातली म्हातारी बाई उठली आणि मुनीमजींना म्हणाली, ‘ही आमच्यातलीच आहे, लिहा आमच्या खोलीत.’ ओळख ना पाळख. आत्या मरेपर्यंत त्या बाईसाठी रोज एक णमोकार जास्तीचा म्हणत.

म्हणूनच सेठ माणिकचंदांच्या मुलीचं, मगनबाईंचं काम मला वडिलांच्या कामाच्याही पुढचं वाटतं. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. मुंबईच्या श्राविकाश्रमात त्यांनी विधवा आणि निराधार बायकांना नुसती राहायची जागा दिली नाही, तर शिक्षणही दिलं. सोलापूरच्या कंकुबाई आणि ललिताबाई या त्यांच्या सोबतिणी. त्या काळात या बायका गावोगाव फिरल्या, सभांमधून बोलल्या. त्या कुठे उतरत असतील, कोणी कोणी त्यांना ‘बरोबर पुरुष कोण?’ विचारलं असेल, याचा विचार मनात येतो. पुढे ‘जैन महिलादर्श’ हे मासिक आमच्या सुरतेतून निघायचं, आरा गावच्या चंदाबाई त्याच्या संपादक. बाईने एकटीने प्रवास करावा, शिकावं, बोलावं, हे आपल्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी आपल्याच बायकांनी सांगितलेलं आहे. ते परक्यांकडून शिकायची गरज नाही.

एवढा इतिहास उलटून पाहिल्यावर मी आमच्या सुट्टीच्या प्रश्नाकडे परत आले. तळं कोणतं, हा प्रश्न मागे पडला होता. तोरणमाळचा यशवंत तलाव काय, सापुताऱ्याचं तळं काय, महाबळेश्वरचं वेण्णा काय, पाणी सगळीकडेच सुंदर असतं. खरा प्रश्न हा की त्या मुक्कामात घरातल्या सगळ्या बायका सुट्टीवर असतील का? सुनेने मोबाईलवर तळ्याकडे खिडकी असलेली हॉटेलं काढली होती. खोल्या सुरेख होत्या, पण बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसातच्या पुढे. चैत्रात उदयपूरला दिवस मावळतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे सासूबाईंना रोज उपास, किंवा मला खोलीत चोरून खिचडी शिजवायची. उलट आमच्या ह्यांचा आग्रह होता की सगळे दिवस धर्मशाळेतच राहू. ती स्वस्त, शुद्ध आणि ओळखीची. पण त्यांनी चौकशी केलेल्या धर्मशाळेत खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. शिवाय तिथे सुनेला एक तास एकटीने पाण्याकडे बघत बसता आलं नसतं. ते तिने तोंडाने सांगितलं नाही, पण मला कळलं.

मग आम्ही सगळ्या जणी बसलो. सासूबाई, मी, सून आणि माहेरी आलेली लेक. कागदावर लिहिलं. तळमजला. बसून वापरायचं संडास. उकळलेलं पाणी मागितलं की मिळावं. सहाच्या आत जेवण, कंदमुळं नसलेलं. खिडकीतून पाणी दिसावं. आणि स्वयंपाक आपण करायचा नाही, एकदाही नाही. ही शेवटची ओळ लेकीने लिहिली, त्याखाली सासूबाईंनी स्वतः रेघ ओढली.

असा मुक्काम मिळतो, विचारावं लागतं. फतेहसागरच्या बाजूला एका घरगुती गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंशी मी फोनवर सरळ बोलले. त्या म्हणाल्या, ‘जेवण साडेपाचला वाढीन, बटाटा घालणार नाही. पण संध्याकाळी एकदाच जेवण होईल, रात्री नऊला कोणी चहा-नाश्ता मागू नका.’ मला त्यांचं स्पष्ट बोलणं आवडलं. तिथे तीन रात्री घेतल्या. परतीच्या वाटेवर एक रात्र ऋषभदेवला, केसरियाजींच्या धर्मशाळेत, तळमजल्यावरची खोली आधी पक्की करून. ते उदयपूरच्या दक्षिणेला पासष्ट किलोमीटरवर, आपल्या अहमदाबादच्या रस्त्यावरच आहे. काळ्या पाषाणाची ऋषभदेवांची मूर्ती, तिला केशर चढवतात म्हणून केसरियाजी. दिगंबर-श्वेतांबर दोघं जातात, वैष्णव जातात, आणि आसपासचे भिल्ल त्याला काळाजी म्हणून भजतात. ज्या देवाला इतक्या जणांनी आपलं मानलं त्याच्या दारात एक रात्र राहिल्याशिवाय सासूबाईंचं मन भरलं नसतं, आणि माझंही नाही. आता अहमदाबादच्या असारव्याहून उदयपूरपर्यंत मोठ्या लाइनची गाडीही २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली आहे. गुडघे दुखणाऱ्यांना ती बरी.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही या दिवसांत हीच चर्चा चालू असेल. माझं एवढंच सांगणं आहे की जागा ठरवताना फोटो बघा, भाडं बघा, मंदिर किती लांब तेही बघा, पण बुकिंग करण्याआधी एकदा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आणि सर्वांत नव्या सुनेला विचारा. म्हातारीला तिथे चालता-फिरता येईल का आणि तिची रीत पाळली जाईल का? सुनेला तिथे हात कोरडे ठेवून बसता येईल का? दोघींचं उत्तर ‘हो’ आलं तर उतरा. आणि तुमच्या गावात कोणाचा धर्मशाळेला देणगी द्यायचा विचार असेल, तर त्यांना सांगा की संगमरवरी पाटी छोटी करा. त्या पैशात तळमजल्यावर दोन खोल्या, धरायला दांडे लावलेलं संडास, यात्रेकरूंसाठी तयार भोजनाची सोय होते. आणि वहीत नाव लिहून घेताना, बाई एकटी आली तरी तिला किल्ली मिळेल असा नियम करून घ्या.

सासूबाईंनी बॅग भरली आहे. गळणं आठवणीने वर ठेवलं आहे. पोळपाट-लाटणं त्यांनी या वेळी बाहेर काढून ठेवलं.